अर्धवेळ विद्यार्थ्याचे वर्ष तासांत मोजा : ऑनलाइन पदवी देणाऱ्या विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
विद्यापरिषद आणि परीक्षा मंडळ,
ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम चालवणारी सर्व विद्यापीठे

विषय : नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक वर्षाची आखणी

महोदय, महोदया,

नव्या वर्षाचे वेळापत्रक हातात आले की ते कोणासाठी आखले आहे, हे पहिल्या पानावरच कळते. दिवसा वर्गात बसणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे वेळापत्रक उचलायचे, विषय थोडे कमी करायचे (कधी तेही नाही) आणि वर ‘ऑनलाइन, अर्धवेळ’ असे लिहायचे, ही पद्धत पडून गेली आहे. सत्र सुरू होण्याचा दिवस तोच, स्वाध्याय जमा करण्याच्या तारखा त्याच, परीक्षेचे आठवडेही तेच. यंदाही तसेच झाले आहे आणि या वेळी आम्हाला गप्प बसवत नाही.

हे पत्र लिहिणाऱ्यांमध्ये असे अभ्यासक्रम शिकणारे आहेत, शिकवणारे आहेत आणि उत्तरपत्रिका तपासणारेही आहेत. विद्यार्थी मध्येच सोडून गेला की बैठकीत ‘चिकाटी कमी पडली’ अशी नोंद होते. तो नेमका कोणत्या आठवड्यात थांबला, हे पाहिले तर कारण बहुतेक वेळा त्याच्या स्वभावात सापडत नाही, वेळापत्रकात सापडते. एका सत्राचे शुल्क बुडते, नोकरीतली बढती वर्षभर लांबते आणि ‘हे आपल्याला झेपणारे नाही’ असा चुकीचा ग्रह मनात बसतो. म्हणून हा प्रश्न आम्हाला जिव्हाळ्याचा आहे.

आमचे मुख्य म्हणणे एकच आहे. अर्धवेळ विद्यार्थ्याचे वर्ष महिन्यांत किंवा सत्रांत मोजू नका. त्याच्या हाती आठवड्याला किती तास आहेत, तिथून मोजायला सुरुवात करा.

आता हिशेब मांडतो. श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे मुळात तासच. युरोपातील श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि त्यामागे १५०० ते १८०० तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे एका श्रेयांकाला २५ ते ३० तास. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० श्रेयांक, प्रत्येकी १० तासांचे. भारतात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ एका श्रेयांकाला ३० तास धरते आणि त्यात वाचन, ध्वनिफिती, चित्रफिती, स्वाध्याय असे सगळे येते. देशोदेशी आकडे वेगळे, पण कल्पना एकच : श्रेयांक हे विद्यार्थ्याच्या कष्टाचे माप आहे.

१२० श्रेयांकांची पदवी, श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण ३६०० तास. वर्षात अभ्यासाचे ४४ आठवडे धरले आणि पदवी ३ वर्षांत पुरी करायची म्हटली, तर आठवड्याला २७ तासांहून जास्त अभ्यास लागतो. पूर्ण नोकरी करणाऱ्या माणसाने चार संध्याकाळी दीड-दीड तास काढला आणि सुट्टीच्या दोन दिवसांत मिळून सहा-सात तास बसला, तर बेरीज १२-१३ तासांवर जाते. तीही आठवडा सुरळीत गेला तर. १२ तासांच्या वेगाने तीच पदवी पावणेसात-सात वर्षांची होते, १५ तासांच्या वेगाने साधारण साडेपाच वर्षांची. हे माहितीपत्रकात कुठेच छापलेले नसते. छापलेले असते ते ‘नोकरी करता करता ३ वर्षांत पदवी’. विद्यार्थी त्या वाक्यावर विश्वास ठेवून सत्राला पाच विषय घेतो आणि सहाव्या आठवड्यात मागे पडतो. सत्य आधीच सांगितले असते, तर त्याने दोन विषय घेतले असते आणि दोन्ही पार पाडले असते. आमच्या मते सगळ्या तक्रारींचे मूळ इथे आहे. म्हणून सर्वांत आधी हीच तक्रार.

दुसरी तक्रार गायब होणाऱ्या आठवड्यांची. कागदावर सत्र सहा महिन्यांचे, म्हणजे २६ आठवड्यांचे. प्रत्यक्षात काय उरते? प्रवेशाला एकदा मुदतवाढ मिळते, मग दुसऱ्यांदा. शुल्क भरल्यावर लॉगिन मिळायला आठ-दहा दिवस जातात. लॉगिन मिळाले तरी अभ्यासाचे पहिले दोन घटक अजून संकेतस्थळावर चढवलेले नसतात. शेवटच्या टोकाला परीक्षेचे तीन आठवडे आणि त्याआधी अर्ज भरण्याचा, प्रवेशपत्र काढण्याचा गोंधळ. मधे हाती राहतात १६ आठवडे. सत्राला २० श्रेयांक असतील तर ६०० तासांचा अभ्यास १६ आठवड्यांत बसवायचा, म्हणजे आठवड्याला साडेसदतीस तास. ही दुसरी पूर्णवेळ नोकरीच झाली. मुदतवाढीचा निर्णय विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी म्हणून घेतला जातो, पण परीक्षेची तारीख जागची हलत नसल्याने ही सोय शेवटी उशिरा आलेल्याच्याच मुळावर येते. प्रवेशाची मुदत वाढवायची असेल, तर उशिरा आलेल्यांना पुढच्या सत्रात घ्या किंवा त्यांचे विषय कमी करा. पाच आठवडे बुडालेल्याला सगळ्या विषयांसह त्याच परीक्षेला बसवणे अन्यायाचे आहे.

स्वाध्यायांबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण घसरण इथूनच सुरू होते.

चार विषय आणि प्रत्येकाचे तीन स्वाध्याय धरा. प्रत्येक विषयाचा शिक्षक आपापल्या परीने योग्य तारीख ठरवतो : महिनाअखेर. चौघांनीही महिनाअखेर ठरवल्यावर एका दिवसावर चार स्वाध्याय येऊन पडतात. नोकरीतही महिनाअखेर हाच सर्वांत ओढाताणीचा काळ. हिशेब जुळवणे, अहवाल, पगारपत्रके, माल मोजणे सगळे त्याच आठवड्यात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिन्याचा पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा सारखाच असतो, आमच्या विद्यार्थ्याला नसतो. चारही विषयांच्या तारखा एका तक्त्यावर मांडून पाहणारा माणूसच विद्यापीठात नसतो. प्रत्येक विभाग आपापला तक्ता पाहतो, सगळे तक्ते एकत्र भोगतो तो विद्यार्थी.

मग ती वेळ पाहा : रविवार, रात्री ११ वाजून ५९ मिनिटे. सुट्टी असल्याने विद्यार्थी दिवसभर लिहीत बसलेला असतो. साडेअकराला तो फाइल चढवायला घेतो. हाताने काढलेल्या आकृत्यांचे फोटो जोडल्यामुळे ती २४ एमबीची झालेली असते आणि प्रणाली १० एमबीच्या वर घेत नाही. ही मर्यादा सूचनापत्रात नव्हती, लाल अक्षरांत ती आत्ता दिसते. फोटो लहान करून पुन्हा जोडण्यात वीस मिनिटे जातात. तोवर शेकडो जण एकाच वेळी घुसल्याने पान गोल फिरत राहते. मदतकक्ष सोमवारी सकाळी उघडणार. बारा वाजून तीन मिनिटांनी ‘मुदत संपली’ अशी पाटी येते आणि तीन आठवड्यांच्या कामाला शून्य गुण पडतात.

यातले प्रत्येक पाऊल टाळता येण्यासारखे आहे. मुदत सुट्टीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी रात्री ८ ला ठेवा. सुट्टी अभ्यासाला मिळते आणि मदतकक्ष त्या दिवशी १० पर्यंत चालू ठेवता येतो. फाइलचा प्रकार आणि आकारमर्यादा स्वाध्यायाच्या पहिल्याच ओळीत छापा. चढवल्यावर पोच दाखवणारा ईमेल वेळेच्या नोंदीसह आपोआप जाऊ द्या. दर सत्राला प्रत्येकाला ४८ तासांच्या दोन सवलती द्या, कारण न विचारता. कारण विचारले की दाखला मागावा लागतो, दाखला कोणीतरी तपासावा लागतो, आणि दोन दिवसांच्या मुदतीसाठी दोन आठवड्यांचा पत्रव्यवहार होतो.

त्याच विषयात आणखी एक गोष्ट. पहिल्या स्वाध्यायावरचे शिक्षकाचे शेरे हाती येण्याआधी दुसरा स्वाध्याय जमा करावा लागत असेल, तर शेऱ्यांचा उपयोग काय? विद्यार्थी तीच चूक दुसऱ्यांदा करतो आणि दोनदा गुण गमावतो. दोन स्वाध्यायांत किमान पाच आठवड्यांचे अंतर हवे : तीन आठवडे तपासायला, दोन आठवडे चूक सुधारायला. तपासणाऱ्यांनाही श्वास घ्यायला वेळ मिळेल. शंभर उत्तरे एका आठवड्यात तपासून शेरे नीट लिहिता येत नाहीत, हे आमच्यातले शिक्षक खात्रीने सांगतात.

थेट तासिकांबद्दल थोडक्यात. कामाच्या दिवशी सकाळी ११ ला तासिका ठेवून तिची हजेरी गुणांत धरणे बंद करा. तासिका दोन वेगळ्या वेळांना घ्या. पाळीत काम करणाऱ्याला आणि दुसऱ्या वेळक्षेत्रात राहणाऱ्याला तरीही जमणार नाही, म्हणून रेकॉर्डिंग २४ तासांच्या आत चढवा आणि परीक्षा संपेपर्यंत ठेवा. सात दिवसांनी रेकॉर्डिंग काढून टाकण्याची पद्धत कुठून आली कळत नाही. मागे पडलेल्याला सावरण्याचे तेवढेच साधन असते आणि नेमके तेच आठव्या दिवशी नाहीसे होते.

आता परीक्षा. सविस्तर वेळापत्रक परीक्षेच्या दहा दिवस आधी लागते. बऱ्याच ठिकाणी रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो. पाच पेपर लागोपाठ पाच कामाच्या दिवशी असतील, तर आठवडाभराची रजा लागते आणि ती न मिळाल्यास विद्यार्थी दोन पेपर सोडून देतो. निकालात त्याच्यापुढे ‘गैरहजर’ लागते. तयारी झालेली असते, फक्त रजा मिळालेली नसते. परीक्षेचे आठवडे सत्राच्या पहिल्याच दिवशी कळले पाहिजेत आणि विषयवार तारखा किमान आठ आठवडे आधी. पेपर सुट्टीच्या दिवशी ठेवा, एका दिवशी एकच. दोन पर्यायी वेळा द्या.

कॅमेऱ्यासमोर घरून द्यायच्या परीक्षेचे प्रश्न वेगळे आहेत. परीक्षेची वेळ राखून ठेवण्याची सोय सुरू होते तेव्हा संध्याकाळच्या जागा आधी भरतात, उरतात त्या दुपारच्या. परीक्षेवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर चालत नाही, कारण त्यावर काही बसवण्याची परवानगी नसते. हे विद्यार्थ्याला कळते परीक्षेच्या पंधरा मिनिटे आधी. म्हणून सराव परीक्षा सक्तीची करा, तीन आठवडे आधी, त्याच सॉफ्टवेअरवर, त्याच यंत्रावर. नव्वद मिनिटांच्या पेपरात चाळिसाव्या मिनिटाला इंटरनेट गेले तर नेमके काय होते, हे लेखी द्या : तोवर लिहिलेले जपले जाते का, परत आत येता येते का, गेलेला वेळ भरून मिळतो का, फोन कोणत्या क्रमांकावर करायचा. या चार ओळी आधी वाचलेल्या असतील, तर त्या क्षणी माणूस घाबरत नाही.

सर्वांत महागात पडणारी गोष्ट मात्र निकाल आणि नोंदणी यांच्यातल्या उलट्या क्रमाची आहे. पुढच्या सत्राची नोंदणी आधी बंद होते, मागच्या सत्राचा निकाल नंतर लागतो. गणित-१ उत्तीर्ण झालो की नाही हे माहीत नसताना संख्याशास्त्राला नाव घालायचे की नाही? घातले आणि निकाल उलटा लागला, तर नोंदणी रद्द होते आणि शुल्क परत मिळत नाही. न घालावे, तर सत्र रिकामे जाते.

त्यात अनेक विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. गणित-१ झाल्यावर संख्याशास्त्र, मग माहिती विश्लेषण, मग प्रकल्प अशी चार विषयांची साखळी घ्या. प्रत्येक कडी वर्षातून एकदाच मिळत असेल, तर एकही चूक न करणाऱ्यालाही चार वर्षे लागतात. पहिल्याच कडीत दोन गुणांनी नापास झालेल्याची पाच होतात. दोन गुणांची किंमत बारा महिने! पूर्णवेळ विद्यार्थी ते वर्ष इतर विषयांनी भरून काढतो. सत्राला दोनच विषय घेणाऱ्याकडे भरून काढायला काही नसते. ज्यांच्यावर पुढचे विषय उभे आहेत, ते विषय दर सत्राला शिकवा. सगळे विषय दर सत्राला शिकवा असे आम्ही म्हणत नाही, शिक्षकांची संख्या आम्हालाही माहीत आहे. पण साखळीच्या पहिल्या दोन कड्या तरी वर्षातून दोनदा हव्यातच.

थांबण्याची सोयही नाही. घरात आजारपण येते, बाळंतपण असते, बदली होते, कामाचा दौरा लागतो. सहा-सात वर्षांच्या काळात यातले काहीतरी होणारच. नियमांत मात्र पदवी पुरी करण्याची कमाल मुदत कॅलेंडरवर मोजली जाते आणि थांबलेले महिनेही त्यात धरले जातात. मधेच अभ्यासक्रम बदलला, तर जुने उत्तीर्ण विषय नव्यात कुठे बसतात याचा तक्ता मागूनही मिळत नाही. सहा वर्षे शिकणाऱ्याच्या वाट्याला असा बदल एकदा तरी येतोच, तेव्हा तक्ता बदलाच्या आदेशासोबतच निघाला पाहिजे.

वेगळे वर्ष आखता येत नाही, असे उत्तर येईल. ते खरे नाही. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झाली, १९७१ मध्ये तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले आणि पुढे अनेक वर्षे तिचे वर्ष फेब्रुवारी ते ऑक्टोबर असे चालले. त्या देशातील इतर विद्यापीठांचे वर्ष शरद ऋतूत सुरू होत असताना तिने आपले वर्ष वेगळे ठेवले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात जानेवारी आणि जुलै अशा दोन प्रवेशफेऱ्या असतात, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. अमेरिकेतील वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत सहा महिन्यांचे सत्र कोणत्याही महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू करता येते. जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन संगणकशास्त्र पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, जो २०१४ मध्ये सुरू झाला, वर्षात तीन सत्रे आहेत आणि उन्हाळ्यातही विषय घेता येतो. यातले एकही जसेच्या तसे उचला असे आम्ही म्हणत नाही. पण वर्ष विद्यार्थ्याकडे पाहून आखता येते, एवढे यातून नक्की दिसते.

मुदती काढूनच टाका, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा करू द्या, असाही एक सल्ला दिला जातो. आम्हाला तो पटत नाही. तारीख नसलेले काम नोकरीच्या आणि घरच्या कामांमागे ढकलले जाते आणि राहूनच जाते. आम्हाला मुदती हव्या आहेत, पण त्या विचार करून ठेवलेल्या.

आम्ही एक आराखडा करून पाहिला. वर्षात दोन सत्रे, प्रत्येकी २२ आठवड्यांची. सत्राला प्रत्येकी ४ श्रेयांकांचे दोन विषय, म्हणजे २४० तास. पहिले २० आठवडे अभ्यासाचे, आठवड्याला १२ तास. त्यातला सातवा आणि चौदावा आठवडा भरपाईचा : नवा घटक नाही, तासिका नाही, मुदत नाही, राहिलेले पुरे करायचे. भरपाईचा आठवडा ही चैन नव्हे. आजारपणात किंवा महिनाअखेरीच्या धावपळीत एक आठवडा गेला, तर तो परत कुठे मिळणार हे आधीच ठरलेले असते, म्हणून विद्यार्थी सोडून जात नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत, सुट्टीच्या दिवशी, परीक्षा. मग चार आठवड्यांची मोकळीक : पहिल्या तीन आठवड्यांत निकाल, चौथ्यात नोंदणी, लॉगिनची तपासणी आणि सगळे घटक चढवून तयार. दोन वेळा २६, वर्षाचे ५२ आठवडे बरोबर भरतात. नापास झालेल्याची पुनर्परीक्षा पुढच्या सत्राच्या सहाव्या आठवड्यात, तोवर त्याला पुढच्या विषयाला अटीवर नोंदणी. पुनर्परीक्षाही गेली, तर तो विषय त्या सत्रापुरता शुल्क न बुडता थांबवता यावा. ज्याच्याकडे जास्त तास आहेत त्याने तिसरा विषय घ्यावा, पण त्यासाठी आठवड्याला १८ तास लागतील हे नोंदणीच्या पानावर त्याच्या डोळ्यांसमोर असावे.

आमच्या मागण्या :

१. प्रत्येक विषयापुढे श्रेयांकांबरोबर आठवड्याचे तास छापा. १०, १५ आणि २० तासांच्या वेगाने पदवीला किती वर्षे लागतील, हा तक्ता प्रवेशाच्या पानावर द्या.

२. अभ्यासाच्या आठवड्यांची किमान संख्या नियमातच ठरवा. सुरुवात लांबली तर परीक्षाही तितकीच लांबेल.

३. सर्व विषयांच्या मुदती एका तक्त्यावर जुळवणारा एक जबाबदार अधिकारी नेमा. एका आठवड्यात एका विद्यार्थ्यावर एकाहून जास्त मुदत येणार नाही, हे त्याने पाहावे.

४. निकाल आधी, नोंदणी नंतर. दोन्हींत किमान सात दिवस.

५. साखळीतले पायाचे विषय आणि पुनर्परीक्षा दर सत्राला.

६. विद्यार्थ्याला तीन सत्रांपर्यंत थांबता यावे आणि तो काळ कमाल मुदतीत धरू नये.

७. वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीत किमान दोन अर्धवेळ विद्यार्थी हवेत. समितीची बैठक त्यांना हजर राहता येईल अशा वेळी घ्या.

पुढच्या सत्राच्या वेळापत्रकाचा मसुदा अंतिम होण्याआधी चार आठवडे सर्वांना पाहायला खुला करा. त्यावर आम्ही विषयवार लेखी सूचना देऊ. वर मांडलेला २२ आठवड्यांचा आराखडा तारखांसह भरून द्यायलाही आम्ही तयार आहोत. या पत्राचे उत्तरही आपण जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपले,
अर्धवेळ ऑनलाइन पदवीचे विद्यार्थी, शिक्षक आणि परीक्षक